संकष्टीला पसरणी

वाई. रविवार, रात्रीचे पावणेनऊ.

मांड्या अजून ठणकतायत. मावसबहिणीने बादलीभर कढत पाणी दिलं म्हणून निदान जिना चढता आला. काका चौथ्यांदा गच्चीवर जाऊन आले, चंद्राचा पत्ता नाही.

आज संकष्टी, हे मला पहाटे साडेचारला कात्रजच्या चढावर सायकल मारताना कळलं. सोबत चार उकडलेली अंडी, ब्रेडला लोणी लावून आणि केळी घेतली होती, दोघांचं खाणं म्हणून. काका म्हणाले, "मला केळं चालेल." मी म्हटलं, काका, आज शंभर किलोमीटर आहेत, आजच्यापुरता सोडा. तर म्हणे, "एकवीस वर्षं धरतोय. एका घाटासाठी सोडू?" वीज मंडळातून निवृत्त झालेल्या, चौसष्ट वर्षांच्या माणसाशी जुन्या बोगद्याच्या तोंडाशी वाद काय घालणार? दम तर मलाच लागला होता.

शिंदेवाडीला उतरताना बोटं गारठून ब्रेक नीट दाबले जाईनात. शिरवळपर्यंत लिहिण्यासारखं काही नाही. हायवे तो हायवे.

खंबाटकीबद्दल मात्र लिहायलाच हवं. लोक वाई-पाचगणीमधल्या पसरणी घाटाला घाबरतात, मला खंबाटकी जास्त छळते. बोगदा आहे तो साताऱ्याहून पुण्याकडे येणाऱ्यांना. आपण जाताना घाट चढावाच लागतो, तोही ट्रकांच्या रांगेला लागून. ट्रक पहिल्या गिअरमध्ये, मी पहिल्या गिअरमध्ये. दोघांचा वेग इतका सारखा की मागे पडताही येईना आणि पुढेही जाता येईना. क्लच प्लेट जळल्याचा तो वास घशात बसतो. एका ट्रकचा क्लीनर दारातून वाकून विचारतो, "ताई, आज पोहोचणार का?" उत्तर द्यायला श्वास नव्हता, नुसती मान हलवली. काकांनी मात्र माझ्या वतीने त्याच्याशी गप्पा मारल्या. गाव कुठलं, माल काय, डिझेल किती लागतं. बोलणं हे काकांचं इंधन असावं.

सुरूर फाट्याला हायवे सुटला की हायसं वाटतं. पुढे उसाच्या ट्रॉल्या लागल्या, त्यांच्यामागून वाईत. ढोल्या गणपतीसमोर काकांनी हात जोडले, एक केळं खाल्लं, चहा घेतला. मी टपरीवर मिसळ खाल्ली, त्यांच्याकडे पाठ करून.

आणि मग पसरणी. शाहीर साबळ्यांचं गाव मागे पडलं की घाट सुरू होतो. वाई साधारण 720 मीटरवर, पाचगणी 1290च्या आसपास. अकरा-बारा किलोमीटरांत पावणेसहाशे मीटर, म्हणजे सरासरी पाच टक्के. आकडा घाबरवणारा नाही. चढ तसा एकसारखा आहे, एक लय धरली की पाय आपले आपण फिरतात. मागे एकदा मी हिशेब केला होता: मी, सायकल आणि पाणी मिळून 72 किलो. एवढं वजन एवढ्या उंचीवर न्यायचं तर साधारण 400 किलोज्यूल काम होतं. शरीर खर्चलेल्या ऊर्जेतली चौथाईच पेडलला देतं, बाकी उष्णता होऊन जाते. म्हणजे एकूण खर्च 1600 किलोज्यूल, खाण्याच्या भाषेत जवळपास 400 कॅलरी, चार केळी. काकांच्या पोटात दिवसभरात तीन गेली होती, आणि त्यांच्या जिवावर आधी कात्रज आणि खंबाटकी झालेले.

पहिले पाच-सहा किलोमीटर काका दुधाच्या दरावर बोलत होते. मी "हं" एवढंच करत होते, आणि मनातल्या मनात म्हणत होते की आता गप्प बसा हो. एका वळणावर माकडं कठड्यावर ओळीने बसलेली, खाली धोम धरणाचं पाणी चकाकतंय. काका काहीच म्हणाले नाहीत. पुढच्या वळणावरही नाही.

मागे वळून पाहिलं तर सायकल नागमोडी चाललेली. चेहरा पांढरा, घाम एकदम थांबलेला. "काका, उतरा." "नाही गं, होईल." "उतरा म्हटलं ना." त्यांना मी इतक्या चढ्या आवाजात आजवर बोलले नव्हते. कठड्याला टेकून बसवलं. हात थरथरत होते, बाटलीचं झाकण उघडेना. अंडी पुढे केली तर मान फिरवली! मग आठवलं, सीटखालच्या पिशवीत, स्पेअर ट्यूबच्या शेजारी, राजगिऱ्याची चिक्की होती. महिनाभर तरी तिथे पडून असावी, रबराचा वास लागलेली.

"राजगिरा आहे. उपासाला चालतो."

दोन वड्या, मग आणखी दोन, वर पाणी. वीस मिनिटं तसेच बसलो. एसटी गेली, दोन गाड्यांतली पोरं ओरडून गेली. मग काका म्हणाले, "बरं, तर काय सांगत होतो, फॅटला दर देतात ना..."

घाटमाथ्यावर दांडेघरला पोहोचलो तेव्हा घड्याळात थांबणं धरून दोन तास झाले होते. उतरताना मी पुढे, काका मागे. माझे ब्रेक रिमचे, सतत दाबून ठेवले की तापतात. म्हणून वळणाआधी दाबायचे, वळणात सोडायचे. समोरून गाड्या वळणावरच ओव्हरटेक करत येतात, त्यांचं काय करायचं ते मात्र कोणी शिकवत नाही. वाईत पंचवीस मिनिटांत खाली.

उद्या पाचला निघायचं, परतीला खंबाटकीचा बोगदा आहे. मागचा दिवा चार्जिंगला लावलाय.

गच्चीवरून हाक आली. डोंगराआडून चंद्र निघाला वाटतं. काका बहिणीच्या सासऱ्यांना क्लीनरची गोष्ट सांगतायत आणि खाली मोदकांचं ताट झाकलेलं आहे.