पांढऱ्या गॅस्केटसाठी झिंक ऑक्साईड शोधताना

बेळगावच्या उद्यमबागेत आमचा रबर मोल्डिंगचा छोटा कारखाना आहे. मी तिथे कंपाऊंडिंग, म्हणजे रबरात रसायनं मिसळायचं काम, आणि खरेदी दोन्ही बघते. माल बहुतेक काळाच: ओ-रिंग, बुश, हायड्रॉलिक सिलिंडरची सील्स. काळ्या मालात झिंक ऑक्साईड, म्हणजे जस्ताची पांढरी पूड, कुठलं घातलं हे वर्षानुवर्षं कुणी विचारलं नव्हतं. पोतं संपलं की नेहमीच्या व्यापाऱ्याला फोन करायचा, एवढंच. मग दुधाच्या पाइपलाइनच्या जोडांसाठी नायट्राइल या कृत्रिम रबराची पांढरी गॅस्केट करायचं काम आलं आणि सोबत अटींचा कागद आला. रंग लॉटमागून लॉट तोच हवा, आणि प्रत्येक कच्च्या मालात शिसं-कॅडमियम किती, याचा दाखला हवा. मालकांनी कागद माझ्याकडे सरकवला. "बाकीचं मी बघतो, झिंकचं तेवढं तू बघ की."

रबरात झिंक ऑक्साईड किती लागतं? शंभर भाग रबराला साधारण पाच भाग, सोबत एक-दोन भाग स्टिअरिक ॲसिड. हे दोघं मिळून झिंकचा साबण बनवतात, तो रबरात विरघळतो आणि ॲक्सिलरेटरला, म्हणजे गंधकाचं काम वेगाने करवणाऱ्या रसायनाला, कामाला लावतो. तेव्हा कुठे गंधक वेळेत रबराच्या साखळ्या बांधतं. झिंक वगळलं तर माल प्रेसमध्ये कितीही वेळ ठेवा, हवा तसा शिजत नाही. जगात तयार होणाऱ्या झिंक ऑक्साईडपैकी निम्म्याहून जास्त रबरातच जातं, त्यातही टायरमध्ये.

नमुने मागवायला फोन सुरू केले. मुंबईचा असो की कोल्हापूरचा, प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच: "मॅडम, साडेनव्व्याण्णव टक्के आहे." मग व्हाईट सील, गोल्ड सील, रेड सील, रबर ग्रेड, सिरॅमिक ग्रेड, फार्मा ग्रेड अशी नावं. फीड ग्रेडवाल्याचा आकडा 72 टक्के. ऐकून वाटेल की निम्मा कचराच आहे. पण तो आकडा जस्ताचा, ऑक्साईडचा नव्हे. शुद्ध झिंक ऑक्साईडमध्येच जस्त 80.3 टक्के असतं, उरलेला ऑक्सिजन. त्यामुळे टक्के ऐकले की कशाचे, हे आधी विचारायचं.

आणि ऑक्साईडचे टक्के खरे असले तरी त्यातून फारसं काही कळत नाही, हे माझं मत या कामात पक्कं झालं. विचारायचं ते हे की माल कुठल्या पद्धतीने बनवला.

फ्रेंच पद्धतीत जस्ताचा धातू वितळवून उकळवतात. जस्त 907 अंशाला उकळतं. ती वाफ हवेत आली की पेट घेते आणि पांढरा धूर होतो, तो पिशव्यांत गोळा करतात. पॅरिसच्या लेक्लेअर नावाच्या रंगकाम कंत्राटदाराने 1840च्या दशकात ही पद्धत रूढ केली. त्याला शिशाच्या सफेद्याऐवजी दुसरा पांढरा रंग हवा होता, कारण तो सफेदा रंगाऱ्यांना विषारी होता, शिवाय हवेतल्या गंधकाच्या वायूंनी काळवंडायचा. माल किती स्वच्छ, हे इथे भट्टीत कुठलं जस्त टाकलं त्यावर ठरतं. शुद्ध धातू टाकला तर वरच्या प्रतीचा माल, गॅल्व्हनायझिंगचा ड्रॉस, म्हणजे लोखंडावर जस्त चढवताना उरणारा मळ, टाकला तर शिसं सोबत येतं. अमेरिकन पद्धतीत धातूच्या पायरीला फाटा देऊन खनिज किंवा जस्ताचे अवशेष कोळशासोबत भाजतात. माल स्वस्त पडतो, पण शिसं आणि गंधकाची संयुगं राहण्याची शक्यता जास्त. तिसरी ओली पद्धत. द्रावणातून झिंक कार्बोनेटचा साका पाडतात आणि तो भाजतात. याला बाजारात ॲक्टिव्ह झिंक ऑक्साईड म्हणतात.

शिशाची अडचण फक्त दाखल्यापुरती नव्हती. रबरात गंधक असतंच. झिंक सल्फाइड पांढरं असतं, लेड सल्फाइड काळं. काळ्या सीलमध्ये हे कुणाला दिसणार? पांढऱ्या गॅस्केटमध्ये मात्र प्रेसमधून काढल्यावर राखाडी झाक दिसते. आमच्या नेहमीच्या पोत्यातल्या मालाने चाचणीचे तुकडे काढले, तर नेमकी तीच झाक. टायटॅनियम डायऑक्साईड वाढवून ती झाकता आली असती, पण त्याने खर्च वाढला असता.

नमुने आले की आधी घरगुती तपासणी. चिमूटभर पूड पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकायची. झिंक ऑक्साईड निमूट विरघळून पाणी स्वच्छ होतं. फसफसलं तर खडूची भेसळ, तळाला गाळ राहिला तर बहुधा चायना क्ले किंवा बॅराइट. पण जरासं फसफसलं म्हणून लगेच व्यापाऱ्यावर घसरू नये. जुनं, उघडं राहिलेलं झिंक ऑक्साईड हवेतला कार्बन डायऑक्साईड आणि ओल ओढून थोडं कार्बोनेट होतं, तेही बुडबुडे काढतं. दुसरी चाचणी तव्यावरची: तापवलं की पूड लिंबासारखी पिवळी होते, निवली की परत पांढरी. नवीन पोरांना दाखवायला ही छान, पण प्रत ओळखायला तिचा उपयोग नाही. पुढे 325 नंबरची चाळणी. पाण्याची धार आणि मऊ ब्रश घेऊन धुवायचं. चांगल्या फ्रेंच मालाचं चाळणीवर जवळजवळ काही उरत नाही.

टक्के मी स्वतः टायट्रेशनने काढले. अमोनिया बफरने पीएच 10 ला आणायचा, एरिओक्रोम ब्लॅक टी या रंग बदलणाऱ्या दर्शकाचे थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून ईडीटीए, म्हणजे धातूला धरून ठेवणारं रसायन, सोडायचं. शेवटच्या थेंबांशी हात अगदी हळू चालवावा लागतो. दारूसारखा लाल रंग आधी जांभळट होतो आणि मग एका थेंबात निळा. 0.1 मोलर ईडीटीएचा एक मिली म्हणजे 8.138 मिलिग्रॅम झिंक ऑक्साईड. ॲक्टिव्ह सोडून सगळे नमुने 99च्या वर आले, झाक आणणारासुद्धा. याचं कारण सरळ आहे. शिसं आणि कॅडमियमही ईडीटीएला तसेच धरतात आणि या हिशेबात जस्त म्हणूनच मोजले जातात. शिसं वेगळं मोजायचं तर ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनचं यंत्र लागतं, ते आमच्याकडे नाही. बाहेरच्या प्रयोगशाळेला पैसे मोजावेच लागले.

दाखल्यापुरता हिशेब मी आधीच मांडून पाहिला होता. आमच्या पांढऱ्या कंपाऊंडचे एकूण भाग 170, त्यात झिंक 5, म्हणजे 2.9 टक्के. समजा झिंकमध्ये 0.3 टक्के शिसं आहे. तयार गॅस्केटमध्ये ते दहा हजारांत एका भागापेक्षाही कमी उतरतं. इलेक्ट्रॉनिक मालाच्या युरोपियन नियमात शिशाची मर्यादा 0.1 टक्का, म्हणजे दहा हजारांत दहा. कागदावर स्वस्त मालही पास झाला असता. पण या गॅस्केटला दूध लागणार होतं, आणि गिऱ्हाईक गॅस्केटचा नाही तर कच्च्या मालाचा आकडा मागत होतं. ते बरोबरच होतं असं मला वाटतं.

मग मिल, म्हणजे दोन रोलांमधून रबर मळायचं यंत्र. नायट्राइलमध्ये गंधक सहज मिसळत नाही, म्हणून आम्ही ते सुरुवातीलाच देतो. त्यामागून सिलिका, तेल, झिंक आणि शेवटी ॲक्सिलरेटर. झिंकची पूड बारीक असली की गोळ्या धरते आणि त्या रोलमधून चपट्या होऊन तशाच राहतात. पुढे त्याच जागी गॅस्केट फाटतं. मी शीट कापून कापून उजेडाला धरत होते. मिलवरचे मामा बराच वेळ गप्प बघत होते, मग म्हणाले, "अक्का, पांढऱ्यात पांढरं काय दिसणार ओ? काळ्यात मारून बघा की." मामा मला पोरीसारखं वागवतात, पण हाक अक्काच मारतात. त्यांचं म्हणणं लाखाचं होतं. प्रत्येक नमुना आधी कार्बनवाल्या काळ्या कंपाऊंडमध्ये घातला, ब्लेडने कापला. एका नमुन्याच्या कापावर खसखशीसारखे पांढरे ठिपके, दुसऱ्यावर काहीच नाही. तो दुसरा होता प्रक्रिया केलेला, दाण्यांवर तेलाचा पातळ लेप असलेला.

ॲक्टिव्ह ग्रेडचाही मोह झाला. त्याचे टक्के 95च्या आसपासच, कारण थोडं कार्बोनेट आणि ओल मागे राहते. साडेनव्व्याण्णववाल्यांच्या हिशेबाने तो कमअस्सल. पण फ्रेंच मालाचं पृष्ठफळ ग्रॅमला 3 ते 5 चौरस मीटर असतं, तर याचं 30 ते 50. रबराशी व्यवहार पृष्ठभागाचाच, म्हणून कमी घालून भागतं. रिओमीटरवर, म्हणजे रबर किती वेगाने शिजतं ते मोजणाऱ्या यंत्रावर, तीन भाग ॲक्टिव्हची वक्ररेषा पाच भाग फ्रेंचच्या जवळपास आली. पण पूड इतकी हलकी की पंखा चालू असला तर वजनकाट्यावरूनच उडायची, शिवाय दर जास्त. झिंक जलचरांना घातक आहे म्हणून ते कमी करण्याकडे रबरवाल्यांचा कल आहे, त्या दृष्टीने ॲक्टिव्ह चांगलं. आम्ही सध्या ते बाजूला ठेवलं.

मिलवर ही पूड हाताळणाऱ्या पोरांना नाकावर मास्क लावायला लावणं, हे दाखला मिळवण्यापेक्षा अवघड गेलं. शेजारी पितळ ओतणाऱ्याकडे मात्र हे सांगावं लागत नाही. वितळलेल्या पितळेतून जस्ताचा धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरते, तोंडाला धातूची चव येते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस बरा होतो. तोही झिंक ऑक्साईडच, पण भट्टीच्या धुराइतका बारीक. पोत्यातल्या पुडीने असा ताप येत नाही, तरी नाकात जाऊ देऊ नये.

शेवटी लेप असलेली फ्रेंच प्रत पास झाली. ऑर्डरवर आता चार गोष्टी लिहून देते: पद्धत, शिशाची कमाल मर्यादा, चाळणीवरचा अवशेष आणि 105 अंशाला वजनातली घट, म्हणजे ओल. ही घट जुलै-ऑगस्टमध्ये हमखास वाढते. बेळगावच्या पावसात लाकडी फळ्यांवर न ठेवलेलं पोतं खालून गार लागतं, आणि ओलसर झिंकने गॅस्केटमध्ये बुडबुडे येतात. पुडीचा भाव महिन्या-महिन्याला बदलतो, कारण एक टन ऑक्साईडला आठशे किलो जस्त लागतं आणि जस्ताचा भाव लंडनच्या धातुबाजारावर हलतो.

काळ्या ओ-रिंगला एवढ्या महाग प्रतीची गरज नाही, हे मालकांना मी सांगितलंय. त्यांना ते पटलंयही. पण गोडाऊनमध्ये दोन प्रकारची पांढरी पोती शेजारी ठेवायची आणि रात्रपाळीने बरोबर तेच उचलावं अशी आशा करायची, याला ते तयार नाहीत. सध्या एकच प्रत येते.