भिंत वाळेपर्यंत

जुन्या घराचं दर्शनी रूप बदलायला मला जवळपास अकरा महिने लागले. त्यात प्रत्यक्ष काम दीड महिन्याचं. बाकीचा वेळ मी एका भिंतीकडे बघत काढला.

खिडक्यांच्या चौकटी, गंजलेले ग्रील, छज्जे हे सगळं भराभर उरकलं. अडलं ते दाराच्या उजवीकडच्या भिंतीपाशी, म्हणजे नेमकं जिथे येणाऱ्याची पहिली नजर जाते तिथे. जोत्यापासून कमरेपर्यंत रंगाला फोड आलेले, पापुद्रे सुटलेले आणि मधूनमधून पांढरा खार. मिस्त्री म्हणाले, "ताई, वॉटरप्रूफ सिमेंटचा गिलावा मारू, वर प्रायमर आणि रंग. विषय संपला." मलाही घाई होतीच. मारला.

दोन महिन्यांत फोड परत आले, तेही छातीच्या उंचीवर! आमची भिंत चुन्यात बांधलेल्या विटांची. विटांमध्ये खालून चढणारी ओल चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू उडून जाते. सिमेंटने ती वाट बुजवली, मग पाणी वाट शोधत आणखी वर गेलं. हे नंतर एका जाणकार बाईंनी समजावलं. गिलाव्यावर बोटाने टकटक केलं तर ठिकठिकाणी पोकळ आवाज येत होता.

पण ओल येत कुठून होती? मिस्त्रींवर चिडायची माझी पूर्ण तयारी झाली होती, तेवढ्यात त्या बाईंनी पायाखाली बोट दाखवलं. काही वर्षांपूर्वी अंगणातली जुनी फरशी न काढता तिच्यावर नवी बसवून घेतली होती. हौस माझीच. त्यात जोतं जवळजवळ गाडलं गेलं. बाहेरची जमीन भिंतीतल्या ओलरोधक थरापेक्षा निदान 15 सेंमी खाली हवी, आणि असा थरच नसलेल्या जुन्या घरात जोतं उघडं असणं तर फारच गरजेचं. माझी फरशी थेट विटांना टेकलेली, वर तिचा उतारही भिंतीकडेच.

भिंतीलगतची फरशीची पट्टी कापली, चर खणून खडी भरली, सिमेंटचा गिलावा सोलून काढला. चार दिवसांचं काम. मग मी विचारलं, "आता रंग कधी?" त्यावर मिळालेलं उत्तर मला अजून टोचतं. ढोबळ हिशोब असा की एक इंच जाडी वाळायला एक महिना. भिंत नऊ इंची. मिस्त्रींनी बोटं मोजली आणि हसू दाबलं.

आतल्या बाजूचाही गिलावा काढल्यामुळे सात महिन्यांत सुटका झाली. पण ते सात महिने! बाकी घर नवंकोरं आणि मध्येच सोललेल्या विटा. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "पैसे संपले का?" पहिल्या महिन्यात खार दिसला म्हणून मी पाइप लावून भिंत धुतली. ते करू नका. पाण्यात खार विरघळतो आणि परत आत मुरतो. कोरड्या ब्रशने झाडून खाली पडलेलं उचलून टाकायचं, बस्स. दर महिन्याला हातभर प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवायचे. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले की पुन्हा थांबा. पाचव्या महिन्यातही थेंब होते. त्या दिवशी मी ते प्लास्टिक चुरगाळून फेकलं.

हो, एक राहिलंच: चौकटींवरचा जुना रंग कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं. ओला करून खरवडा, तोंडाला चांगला मास्क लावा आणि मुलांना लांब ठेवा. छज्जाच्या खालच्या कडेला पाणगळीची खाच आहे का तेही बघा. नसेल तर पाणी छज्जाच्या पोटाने वाहत भिंतीवर येतं.

शेवटी चुन्याचा गिलावा झाला आणि त्यावर ओलीला वाट देणारा सिलिकेट रंग. हा रंग जुन्या ॲक्रिलिकवर धरत नाही, म्हणून तो एवढ्या एका भिंतीलाच लागला. त्यामुळे शेजारच्या भिंतीशी छटा तंतोतंत जुळलेली नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात ती जरा जास्तच मऊ दिसते. घरच्यांना फरक कळत नाही. मला दारात पाय ठेवतानाच कळतो.