तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फाचा सातबारा कुणाच्या नावावर?

माझ्या ऑफिसात पक्षकारांच्या बाकासमोर अंटार्क्टिकाचा नकाशा लावलेला आहे. सोलापूरच्या दिवाणी कोर्टात वाटप, मोजणी, बांध, विहिरीचं पाणी हेच माझं रोजचं काम. त्यामुळे बाकावर बसणारा प्रत्येक जण एकदा तरी विचारतोच, "मॅडम, ह्याचं इथं काय काम?" मोहोळकडच्या एका काकांनी मात्र नेमकं विचारलं. सख्ख्या भावाशी बांधावरून केस, मोजणीचा नकाशा मांडीवर उलगडलेला. बराच वेळ भिंतीकडे बघून ते म्हणाले, "भाकरी मोडल्यागत वाटणी कुणी केली वो ही? सातबारा कुणाच्या नावानं हाय?"

सातबारा कुणाच्याच नावानं नाही. नकाशावरचे ते भाकरीचे तुकडे म्हणजे सात देशांचे दावे आहेत: ब्रिटन, नॉर्वे, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, चिली आणि अर्जेंटिना. यातल्या ब्रिटन, चिली आणि अर्जेंटिनाच्या रेघा एकमेकींवर चढलेल्या आहेत. म्हणजे एकच गट, तीन मालक. 1952 च्या फेब्रुवारीत होप बे इथं उतरणाऱ्या ब्रिटिशांच्या डोक्यावरून अर्जेंटिनाच्या लोकांनी मशीनगनही चालवली होती. उलट मेरी बर्ड लँड नावाचा एवढा मोठा तुकडा, त्यावर कुठल्याच देशाचा दावा नाही.

1 डिसेंबर 1959 रोजी वॉशिंग्टनमध्ये 12 देशांनी अंटार्क्टिक करारावर सह्या केल्या. त्यातलं चौथं कलम मी दरवर्षी एकदा तरी पुन्हा वाचते. मालक कोण हे त्या कलमानं ठरवलंच नाही. जुना दावा कुणी सोडला असंही धरायचं नाही, कुणाचा दावा मान्य केला असंही धरायचं नाही. करार चालू आहे तोवर नवा दावा नाही, जुना वाढवायचा नाही. आणि या काळात तिथं कुणी काहीही केलं, तरी त्यावरून मालकी सांगता येणार नाही.

हे शेवटचं वाक्य दिवाणी वकिलाला थांबायला लावतं. आपल्याकडे खासगी जमिनीवर मालकाला न जुमानता 12 वर्षं उघड वहिवाट केली की प्रतिकूल कब्जाचा हक्क सांगता येतो. म्हणून तर माणसं बांध कोरतात. दर पेरणीला नांगराचं एक तास पलीकडे, आणि दहा-पंधरा वर्षांनी "आमची वहिवाट हाय" म्हणायचं. अंटार्क्टिकात ही वाटच बंद आहे. आपलं तिथलं मैत्री संशोधन केंद्र 1989 पासून चालू आहे, भारती 2012 पासून. शंभर वर्षं राहिलो तरी त्या खडकावर आपला हक्क लागत नाही, आणि दुसऱ्या कुणाचाही लागत नाही.

काका म्हणाले, "मग भांडण मिटलं म्हणायचं."

"मिटलं नाही काका. थांबवलंय."

त्यांनी मांडीवरच्या नकाशाची घडी घातली आणि परत उलगडली.

भारतानं हा विषय 1956 मध्येच संयुक्त राष्ट्रांत नेण्याचा प्रयत्न केला होता. करारात आपण आलो 1983 मध्ये. आपल्या संसदेनं 2022 मध्ये अंटार्क्टिकासाठी वेगळा कायदा केला. परवान्याशिवाय जाता येत नाही आणि निर्जंतुक न केलेली मातीसुद्धा तिथं नेता येत नाही. हे योग्यच आहे. आपल्या बुटाच्या तळाला चिकटलेलं बी तिथं रुजलं, तर ते परत काढणार कोण?

एक गैरसमज दूर करायलाच हवा. अंटार्क्टिकातली खाणबंदी 2048 ला संपणार, असं लोक खात्रीनं सांगतात. ते खरं नाही. खाणबंदी आली माद्रिदच्या 1991 च्या प्रोटोकॉलनं, म्हणजे मूळ कराराला जोडलेल्या पर्यावरणाच्या करारानं, आणि तो लागू झाला 14 जानेवारी 1998 ला. (ही तारीख सोलापूरकराला लक्षात ठेवावी लागत नाही, ऐन गड्ड्याच्या यात्रेतली.) त्याला 50 वर्षं झाली की फेरविचाराची परिषद मागता येईल, इतकंच. बंदीला मुदत नाही. ती उठवायची तर आधी खाणींसाठी सगळ्यांना बांधील अशी वेगळी व्यवस्था उभी करावी लागेल.

उत्तर ध्रुवाचं प्रकरण वेगळं. तिथं मधे समुद्र आणि भोवती देश, म्हणून 1982 चा सागरी कायदा लागतो. मधल्या खोल समुद्रात, पुरेसं संशोधन होईपर्यंत व्यापारी मासेमारी करायची नाही, असा करार 2021 पासून लागू आहे. मासेमारी सुरू होण्याआधीच कायदा पोचला, हे फार क्वचित घडतं.

मला काळजी आहे ती दक्षिणेच्या समुद्राची. तिथं जमीन अडवून धरली, पण पाणी पूर्ण अडलं नाही. क्रिल नावाचा बोटाच्या दोन पेरांएवढा जीव, कोळंबीसारखा. देवमासे, सील, पेंग्विन त्याच्यावर जगतात. इथल्या समुद्री जीवांच्या रक्षणासाठी झालेल्या 1980 च्या करारानं एक शहाणपणाची गोष्ट केली: किती क्रिल पकडायचा हे ठरवताना ते खाणाऱ्यांचाही हिशोब धरायचा. नैऋत्य अटलांटिकच्या भागात वर्षाला 6,20,000 टनांची मर्यादा आहे, आणि ती चार भागांत वाटलेली होती, म्हणजे सगळ्या बोटी पेंग्विनच्या वसाहतींपाशीच गोळा होऊ नयेत. वाटणीचा तो नियम 2024 मध्ये एकमत न झाल्यानं संपला. पुढच्याच वर्षी हंगाम पुरा व्हायच्या आत मर्यादा गाठली गेली आणि ऑगस्टमध्ये मासेमारी थांबवावी लागली.

हा 1980 चा करार राबवणाऱ्या आयोगात सगळं एकमतानं चालतं. एकाची हरकत आली की ठराव पुढच्या वर्षावर. रॉस समुद्राचं संरक्षित क्षेत्र 2016 मध्ये मंजूर झालं ते अनेक वर्षं अडल्यावर, आणि पूर्व अंटार्क्टिकाचं अजून अडकलेलं आहे, चीन आणि रशियाच्या हरकतींमुळे. एकमत नसतं तर हे देश एका टेबलाशी आलेच नसते, हे मला समजतं. पण तारखेवर तारीख पडते तेव्हा कुणाचा फायदा होतो, हे मी इथं रोज बघते. ज्याचा नांगर चालू असतो त्याचा.

आयोगाची बैठक दर ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला भरते. तिचा अहवाल आला की मी आधी क्रिलचं पान उघडते. काकांची पुढची तारीख नोव्हेंबरात आहे. "तवर काय झालं तिकडं ते सांगा," असं जाताना बजावून गेलेत.