शेडकार्ड उघडण्याआधी

दसरा जवळ आला की सांगली-साताऱ्यात रंगाच्या दुकानांत गर्दी होते आणि काउंटरवरच शेड ठरते: दुकानाच्या ट्यूबखाली, दोन बोटं रुंदीचा चौकोन बघून. तोच रंग चार भिंतींना लागला की कार्डापेक्षा गडद वाटतो, कारण समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात. म्हणून जी शेड आवडली, तिच्याच पट्टीतली एक पायरी फिकी घ्यावी.

पण त्याआधी खोलीत कोणती ट्यूब राहणार ते ठरवा. आपल्याकडे बहुतेक घरांत ६५०० केल्विनची पांढरी एलईडी असते (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचा आकडा, डब्यावर लिहिलेला असतो). तिच्याखाली क्रीम आणि पीच निस्तेज होतात, फिका राखाडी निळसर दिसतो. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळट दिवा असेल तर उलट: क्रीम आणखी पिवळं, फिका निळा मळकट. रंग लावून झाल्यावर दिवे बदलले की पेंटरला दोष देण्यात अर्थ नाही.

दिशाही बघा. फक्त उत्तरेला खिडकी असेल तर वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही, उजेड थंड असतो. तिथे राखाडीपेक्षा पिवळसर झाक असलेला ऑफ-व्हाइट बरा. पश्चिमेच्या खोलीत दुपारनंतर पीच सरळ नारिंगी होतो. खाली शहाबादी फरशी असेल तर ती उजेड गिळते. भिंत फिकीच ठेवा. सांगलीच्या जुन्या गावभागासारख्या दाटीतल्या, एकाच खिडकीच्या खोलीसाठी शेडचा एलआरव्ही, म्हणजे उजेड परत टाकण्याचा आकडा, ६० च्या वर असावा. तो कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा कार्डाच्या मागे सापडतो.

सॅम्पल भिंतीवर मारू नका. शेजारचा जुना रंग डोळ्याला फसवतो. दोन फूट बाय दोन फूट जाड ड्रॉइंग शीटवर दोन हात मारा, कडेला बोटभर पांढरं सोडा आणि शीट खिडकीजवळ, समोरच्या भिंतीवर, कोपऱ्यात फिरवून बघा: सकाळी, चार वाजता, रात्री ट्यूबखाली. पूर्ण वाळल्यावरच. ओलं इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग, फिकं दिसतं.

एवढं करूनही भिंत ओली असेल तर सगळं वाया. सांगलीत २००५, २०१९, २०२१ च्या महापुरात बुडालेल्या भिंतींत क्षार राहतात. ओल आली की लोणा फुटतो आणि पुट्टीचे पोपडे पडतात. साताऱ्याकडे पावसाचा मारा पश्चिमेच्या भिंतीवर, त्यामुळे तीच उशिरा वाळते. तपासायला हातभर प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि २४ तासांनी काढा. भिंतीच्या बाजूला थेंब असतील तर ओल आत आहे, रंग थांबवा. या हिशोबाने दिवाळीआधीची घाई चुकीची. फेब्रुवारी ते मे उत्तम. नवा गिलावा किमान २८ दिवस सोडा. आणि जुन्या वाड्याच्या मातीच्या, चुन्याच्या भिंतीला प्लॅस्टिक पेंट, म्हणजे इमल्शन, नको. आतली वाफ कोंडते आणि रंग फुग्यासारखा सुटतो. तिथे चुनाच.

आता माप. १२ बाय १० ची खोली, उंची १० फूट: (१२+१०)×२×१० म्हणजे ४४० चौरस फूट. दार २१ आणि खिडकी १६ वजा केली की साधारण ४०० उरतात. पुट्टी केलेल्या गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना लिटरला १०० ते १२० चौरस फूट धरा, म्हणजे चार लिटरचा डबा. खडबडीत भिंतीला जास्त लागतो.

क्रम: जुना चुना किंवा डिस्टेंपर खरवडून काढणे, पुट्टीचे दोन हात, पॉलिश पेपर, प्रायमर, मग रंग. प्रायमर वगळला की पुट्टी रंग शोषते आणि ठिगळं दिसतात. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. डबा पुरवण्यासाठी जास्त पाणी घातलं की तिसरा हात मारावाच लागतो.

एका भिंतीला गडद रंग देण्याची सध्या हौस आहे. गर्द लाल किंवा पिवळा दोन हातांत झाकत नाही, तीन-चार लागतात. खाली त्याच छटेचा प्रायमर घातला तर एखादा हात वाचतो. गडद मॅटवर, म्हणजे बिनचकाकीच्या रंगावर, खुर्ची घासली तरी पांढरट चट्टा उठतो, टचअपही लपत नाही. जाण्यायेण्याच्या पॅसेजमध्ये नकोच. गिलावा वर-खाली असेल तर चकाकीचा रंगही टाळा. खिडकीतून तिरका उजेड पडला की प्रत्येक उंचवटा दिसतो.

एकाच शेडचे दोन डबे असतील तर बादलीत एकत्र ढवळून घ्या, मिक्सिंगमध्ये किंचित फरक पडतोच. पेंटर हाताने स्टेनर (रंगछटेचा घट्ट अर्क) टाकून शेड जमवत असेल तर नाही म्हणा, ती छटा पुन्हा मिळत नाही. शेडचा कोड आणि बेस (ज्या मूळ रंगात छटा मिसळली तो) झाकणावर मार्करने लिहून अर्धा लिटर रंग घट्ट बंद करून ठेवा.