उलटे बांधलेले पुस्तक

मंगळवार, रात्रीचे साडेनऊ

आज मी एक कादंबरी उलटी बांधली. आतली पाने सरळ आणि त्यांवर चढवलेले पुठ्ठ्याचे आवरण मात्र खालचे वर झालेले, अशा अवस्थेत ती शिकंज्यातून बाहेर आली, तेव्हा आमच्या बाइंडरांनी ती हातात घेऊन उलटसुलट न्याहाळली आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारले, "साहेब, हे वाचकानं शीर्षासन करून वाचायचं का?" मला साहेब म्हणू नका, असा आग्रह मी पहिल्या महिन्यात पुष्कळ केला होता. हल्ली ते मला एरवी काका म्हणतात. साहेब हे संबोधन त्यांनी माझ्या चुकांसाठी राखून ठेवले आहे.

राष्ट्रीयीकृत बँकेत छत्तीस वर्षे काढून २०१९ साली मी महाव्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो, आणि आता आठवड्यातले चार दिवस कोकणातल्या आमच्या गावच्या वाचनालयात, मागच्या खोलीत बसून फाटकी पुस्तके शिवतो. गावात कोणी याला समाजसेवा म्हणतात, कोणी साधेपणा म्हणतात. हे दोन्ही शब्द ऐकताना मला अवघडल्यासारखे होते, कारण मी तेथे जातो तो निव्वळ स्वार्थाने.

हा स्वार्थ कोणता, याचा विचार आज घरी परतताना पुन्हा मनात आला. १९८३ साली मी नोकरीला लागलो तेव्हा शाखेत संगणक नव्हते. कोपऱ्यांना आणि पाठीला चामडे लावलेल्या जाडजूड खातेवह्या होत्या, आणि संध्याकाळी ताळा जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. कधी अठरा पैशांचा फरक निघायचा, कोणीतरी एक्क्याऐंशीच्या जागी त्रेसष्ट लिहून ठेवलेले असायचे, आणि ती जागा सापडली की साऱ्या शाखेचा चहा गोड लागायचा. पुढे बढत्या मिळत गेल्या आणि ताळा माझ्या आयुष्यातून हळूहळू निघून गेला. वरच्या पदावर मी कर्जांच्या ज्या प्रस्तावांवर सह्या केल्या, ते माझ्यापर्यंत आठ-दहा हातांतून येत आणि माझ्यापासून पुढे समितीकडे जात. त्यातले एखादे कर्ज चार-पाच वर्षांनी बुडीत निघाले, तर हप्ता नव्वद दिवस थकल्याचे नियम सांगत असत, पण चूक नेमकी कोणाची आणि कोणत्या दिवशीची, हे कधीच ठरत नसे. यश आले तरी तेही तितकेच बेवारस असे.

पुस्तकाचे तसे नाही. आधी जुने आवरण सोडवायचे, कण्यावरचा वाळका सरस ओलसर करून खरवडायचा, सोळा-सोळा पानांचे जुज अलगद सुटे करायचे, घडीवर फाटलेली पाने पातळ कागदाच्या पट्टीने जोडायची आणि मग मेण लावलेल्या दोऱ्याने एकेक जुज घडीतून शिवत पुढच्याला अडकवत जायचे, याला जुजबंदी म्हणतात. दोरा फार ओढला तर कागद चिरतो, सैल सोडला तर पुस्तक पहिल्याच वाचकाच्या हाती डुगडुगते. मैद्याची खळ शिजवताना तिच्यात मोरचूद घालावा लागतो, नाहीतर कसर आणि झुरळे पुस्तकापेक्षा आमच्या खळीवरच अधिक प्रेम करतात. पुठ्ठ्यावर कागद डकवताना त्याचे तंतू कण्याला समांतर धावत असले पाहिजेत. आडवे पडले तर ओला कागद भलत्या दिशेने फुगतो आणि वाळल्यावर पुठ्ठा वाकतो. हे मला तीनदा सांगितले गेले आणि तिन्ही वेळा मी मान डोलावली. समजले मात्र चौथ्या वेळी, पापडासारखे वळलेले स्वतःचे आवरण पाहून.

दिवाळी अंकांची तऱ्हा आणखी वेगळी. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने ही प्रथा सुरू केली, तेव्हापासून वाचनालयांत सर्वाधिक हाताळला जाणारा मजकूर बहुधा हाच असावा. आजचे बरेचसे अंक नुसत्या गरम सरसाने चिकटवलेले असल्याने चार-पाच महिन्यांत त्यांची पाने गळू लागतात. त्यांना जुजच नसतात, म्हणून दाभणाने भोके पाडून आरपार शिवण घालावी लागते, आणि मग अंक टिकतो, पण पूर्ण उघडत नाही. आमच्या बाइंडरांना ही शिवण मनापासून आवडत नाही, ते म्हणतात, "पुस्तक टेबलावर गप पडून राहिलं पाहिजे, काका. त्याला दाबून धरावं लागतं, म्हणजे आपलं काम कच्चं." हे ऐकून मला त्या खातेवह्या आठवल्या. वर्षानुवर्षे मी त्यांत लिहिले, त्या कोणत्याही पानावर सपाट उघडून राहत असत, आणि त्या तशा उघडाव्यात म्हणून कोणीतरी कष्ट घेतले असतील, हे एकदाही माझ्या मनात आले नव्हते.

अहंकार मात्र इतक्या सहजासहजी सुटत नाही. गेल्या महिन्यात माझ्या हाताखाली काम केलेले एक अधिकारी सहकुटुंब गावी आले होते, त्यांनी मला खळीने माखलेल्या हातांनी पाहिले आणि ते इतके ओशाळले की नमस्कार करायचेच विसरले. तेव्हा मी चटकन म्हणालो, "सहज, वेळ जावा म्हणून करतो हे." ते निघून गेल्यावर त्या वाक्याचीच लाज वाटली, आणि ते ऐकूनही बाइंडर काही बोलले नाहीत, याची अधिक.

उलट्या कादंबरीचे आवरण उद्या सोडवायचे आहे. वाफेवर धरले तर पोस्तीन, म्हणजे पुठ्ठ्याला आतून डकवलेला कागद, न फाटता सुटेल, असे बाइंडर म्हणाले. सुटले नाही तर पोस्तीन नवे लावावे लागेल आणि कापड वाया जाईल ते माझ्या नावावर. शिवाय पावसाळी हवेने कालची खळ आंबली आहे, म्हणून सौभाग्यवतींकडे अर्धा किलो मैदा मागितला, तर त्यांनी विचारले, "तो डबा शंकरपाळ्यांचा आहे, ठाऊक आहे ना?" सकाळी दुकान उघडल्यावर वेगळा आणावा लागेल.