तुम्ही विचारलंत म्हणून: कागद तारखेवार का लावत नाही?

‘जुने कागद तारखेवार लावून द्यायचे, त्याला इतके दिवस?’ घरोघरचे जुने कागद लावून त्यांची यादी करून देणं हे माझं काम; सोलापुरात ज्या घरी पेटी उघडायला जातो, तिथं हे ऐकतो. पाठोपाठ दुसरं: ‘मार्शल लॉच्या वेळचं काही निघालं का?’ मे १९३० चा, इंग्रजांनी शहरात लष्करी अंमल लावला तेव्हाचा, एखादा कागद आपल्याही घरात असावा, असं इथं सगळ्यांनाच वाटतं. मलाही वाटतं.

तारखेवार लावणं दोन दिवसांचं काम आहे. वेळ जातो तो कुठली पावती कुठल्या पत्राच्या घडीत होती, हे दोरी सोडण्याआधी पेन्सिलीनं टिपण्यात.

पूर्वी मीही तारखेवारच लावायचो. पूर्व भागातलं एक घर, हातमाग बंद पडलेले. ट्रंकेत कागदांच्या अकरा पुरचुंड्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचं सूत. मी सगळ्या सोडल्या. पत्रं, गहाणाच्या पावत्या, फोटो, सगळं वेगवेगळं आणि वर्षवार. यादी इतकी देखणी झाली की मीच दोनदा वाचली. सूत टाकून दिलं.

तिसऱ्या दिवशी घरातल्या आजी लेकीकडून परतल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. खोक्यांवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, ‘माझ्या थोरल्याचं निळं कुठाय?’ थोरला लहानपणीच गेलेला. त्याच्या आजारपणाचे कागद, त्यासाठी गहाण टाकलेल्या पाटल्यांची पावती, असं त्यांनी निळ्या सुतात बांधलं होतं. पाटल्यांच्या पावत्या चार निघाल्या. त्यातली त्याच्यासाठीची कुठली? आजी एकेक कागद हातात घेऊन उलटसुलट करत राहिल्या. त्यांची ओळखायची खूण मी फेकून दिली होती. शेवटी म्हणाल्या, ‘असू दे बाळा.’

एका घराचे कागद एकत्र ठेवा, हे दप्तरं कशी लावावीत याबद्दलच्या फ्रान्समधल्या सरकारी परिपत्रकानं १८४१ मध्येच सांगितलं. मूळ क्रम मोडू नका, हे याच कामावरच्या १८९८ च्या डच हस्तपुस्तिकेनं पक्कं केलं. मला हे तेव्हाही पाठ होतं. पण ते सरकारी दप्तरांसाठी, पुरचुंड्यांना कसला आलाय क्रम, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

तारखांची यादी मी आजही करून देतो, फक्त कागद न हलवता. अभ्यासकाला ती लागतेच, त्याबद्दल माझा वाद नाही.

पण मागच्या महिन्यात घर बदलताना गोणीत कोंबलेले कागद आले. त्यांचा क्रम कुणाचा, घरच्यांचा की टेम्पोत भरणाऱ्याचा? मी तोही टिपला. कदाचित उगाच. तळाशी लाल सुताची एक गाठ सापडली आहे. ती अजून सोडलेली नाही. घरातल्या वडीलधाऱ्या काकू गावाहून यायच्या आहेत.