चॅरिटीसाठी नानकटाई विकली, त्याची सगळी गोष्ट

या दिवाळीत मी आणि माझ्या दोन मावसबहिणींनी नानकटाई विकली आणि खर्च जाऊन जे उरलं ते कॅन्सर पेशंटसाठी काम करणाऱ्या एका ट्रस्टला दिलं. तेव्हापासून मैत्रिणी विचारतायत की नेमकं कसं केलं, म्हणून एकदाच लिहून टाकते. बेकिंगबद्दल फार लिहिणार नाही, लॉकडाऊननंतर मुंबईत प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक तरी होम बेकर आहेच. डोकेफोड असते ती बाकीच्या गोष्टींची.

आम्ही लालबागचे, टाटा हॉस्पिटल चालत जाण्याच्या अंतरावर. बाहेरगावचे पेशंट, त्यांचे नातेवाईक, फुटपाथवरच्या चटया आणि रिपोर्टच्या पिशव्या हे लहानपणापासून बघतोय. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत सोय झाली तर ठीक, पण सगळ्यांना कुठून जागा पुरणार. धाकटीचं म्हणणं होतं की कपकेक करूया आणि सरळ नेऊन वाटूया, मुलं खूश होतील. म्हटलं आधी विचारू तरी. ट्रस्टच्या मॅडम फोनवरच म्हणाल्या, "बेटा, खायचं काही आणू नका. केमो चालू असली की प्रतिकारशक्ती कमी असते, बाहेरचं चालत नाही, कितीकांचं तोंड आलेलं असतं, पाणीसुद्धा झोंबतं. त्यापेक्षा पैसे द्या, जाण्यायेण्याला आणि राहण्याला लागतात." म्हणजे खाणारे वेगळे आणि ज्यांच्यासाठी करायचं ते वेगळे, हे पहिल्याच दिवशी क्लिअर झालं. धाकटी थोडी फुगली पण ठीक आहे.

मग वाटलं होतं की चाळीतल्या आणि सोसायटीतल्या लोकांकडून दोनदोनशे रुपये घेऊ आणि थँक्यू म्हणून नानकटाई देऊ. तर मंडळाचे खजिनदार काका म्हणाले, "अगं असे नुसते पैसे गोळा करत फिरू नका. वर्गणी काढायची तर धर्मादाय आयुक्तांची ४१ क ची परवानगी लागते, आम्ही गणपतीला दरवर्षी काढतो." लालबागमध्ये राहण्याचा हा एक फायदा, कुठल्याही कायद्याची माहिती असलेला एक तरी काका जिन्यातच भेटतो. म्हणून ठरवलं की आपण विकायचं, रीतसर किंमत लावून, आणि उरलेला नफा आपला म्हणून आपण द्यायचा. कुणाला वर पैसे द्यायचेच असतील तर त्यांना ट्रस्टचा क्यूआर पाठवायचा, आपल्या जीपेवर घ्यायचेच नाहीत.

विकायचं म्हटल्यावर एफएसएसएआय, म्हणजे खाण्याचे पदार्थ विकायला लागणारी सरकारी नोंदणी आली. लोकांना वाटतं चॅरिटीचं आहे, घरचं आहे, काही लागत नाही, पण लागतं. छोट्या धंद्याला, म्हणजे आम्ही केलं तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला, मोठं लायसन्स नाही, साधं रजिस्ट्रेशन पुरत होतं, वर्षाची फी १०० रुपये. फॉस्कॉस नावाच्या सरकारी साइटवर स्वतःच भरता येतं, एजंटला हजार दीड हजार देऊ नका प्लीज. तिघींत अठरा पूर्ण झालेली मी एकटीच, त्यामुळे माझ्या नावावर. फोटो, आधार आणि पत्त्याला लाइट बिल. आता आमची खोली पागडीची आणि बेस्टचं बिल अजून आजोबांच्या नावावर, त्यामुळे आजोबांकडून कागदावर लिहून घेतलं की नातीला या जागेत बनवायला माझी हरकत नाही. आजोबांनी सही केली आणि विचारलं, "भाडं किती देणार?" १४ आकडी नंबर आला की तो प्रत्येक बॉक्सवर छापायचा.

लेबलवर नंबरसोबत घटक, तेही वजनाने जास्त ते आधी, मग निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, गहू आणि दूध आहे ही सूचना आणि शाकाहारीचा हिरवा ठिपका. मधलीने लेबलवर मोठ्या अक्षरात "सगळे पैसे दान" लिहिलं होतं, ते मी काढायला लावलं. सगळे कुठे? तूप कोण देणार? "खर्च वजा जाता उरलेली रक्कम" असं लिहिलं. ऐकायला रुक्ष वाटतं, पण उद्या कोणी विचारलं तर उत्तर असतं.

आणि खर्च पै न पै लिहा, हे मी हात जोडून सांगते. नानकटाईत सगळा खेळ तुपाचा, मैदा बेसन रवा मिळून किलोभर असेल तर अर्ध्या किलोहून जास्त तूप जातं. मावशी म्हणाली अर्धा डालडा घाला, कळत नाही कुणाला. पण लेबलवर साजूक तूप लिहिलेलं ना. वर पिठीसाखर, वेलची जायफळ, क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेले बॉक्स, बटर पेपर, लेबलची प्रिंट, वीज. हे सगळं धरून पाव किलोची किंमत १८० काढली तर पहिलीच काकू म्हणते, "चॅरिटीचं आहे ना गं, मग १५० ला दे की!" चॅरिटीचं आहे म्हणून कमी, हे गणित मला अजून समजलेलं नाही. आम्ही एक रुपया सोडला नाही.

ऑक्टोबरच्या उकाड्यात एक वेगळीच भानगड. तूप आणि पिठीसाखर फेसून पीठ मळेपर्यंत तूप इतकं सैल पडतं की गोळे ट्रेमध्ये ठेवले की ओव्हनमध्ये पसरून सपाट होतात, वर ती छान भेग पडतच नाही. गोळे वळून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायचे आणि मगच १६० वर, आणि कडा जरा रंगल्या की मधे मऊ लागली तरी बाहेर, गार झाल्यावर कडक होते. पूर्ण गार व्हायच्या आत बॉक्समध्ये भरली तर सादळलीच म्हणून समजा. आमचा ओटीजी, म्हणजे घरगुती छोटा ओव्हन, आणि शेजारच्यांची पाण्याची मोटर एकत्र लागली की एमसीबी पडायचा, म्हणून शेवटी रात्रीच भाजायचो. आजी म्हणत होती पत्र्याच्या डब्यात पीठ घालून बेकरीत द्या, पूर्वी सगळे तसंच करायचे. पण रजिस्ट्रेशन घरच्या पत्त्याचं, आणि दिवाळीच्या तोंडावर बेकरीवाला दारात तरी उभा करेल का.

पैसे देताना कॅश दिली नाही, माझ्या खात्यातून ट्रान्सफर केले आणि पावती माझ्या नावाची घेतली. बऱ्याच गिऱ्हाइकांनी ८०जी ची, म्हणजे दानावर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते ती पावती मिळेल का विचारलं. नाही मिळणार, तुम्ही नानकटाई विकत घेतलीत, दान नाही केलंत, असं सरळ सांगायचं. ज्यांनी ट्रस्टला थेट पाठवले त्यांनी ट्रस्टकडूनच पावती घ्यायची. आणि रोख द्यायचे असतील तर २००० च्या वर सूट मिळत नाही हेही सांगून ठेवा, नाहीतर मार्चमध्ये तुम्हालाच फोन येतात. हिशोबाचा कागद आणि पावती दोन्हींचा फोटो ग्रुपवर टाकला, त्यावर कोणी काही बोललं नाही पण पुढच्या ऑर्डरी त्याच लोकांकडून आल्या.

आता नाताळला प्लम केक करा म्हणून मागे लागलेत. पण अंडं घातलं की हिरवा ठिपका जातो आणि तपकिरी त्रिकोण येतो, आमची निम्मी गिऱ्हाइकं जैन. त्यामुळे एगलेसची ट्रायल चालू आहे, अजून मधे बसतोय. कोणाकडे भरवशाचं प्रमाण असेल तर पाठवा.